स्वारी उशिराच आली

या गृहस्थांना आपण ओळखतो, असं तुम्हाला वाटत असेल. वाटणारच. शाळेच्या फाटकावर, दवाखान्याच्या पाटीवर, वांद्र्याच्या गल्लीच्या तोंडाशी, गोव्यात जवळजवळ दर वळणावर आणि कुणाकुणाच्या गळ्यातल्या साखळीत त्यांची रोज गाठ पडते. एक उभा, एक आडवा, खेळ खलास. चेहरा नाही, पोट नाही, पाय एकच. ख्रिस्ती म्हटलं की क्रूस, ही जोडी जन्मापासूनची असावी असं कुणालाही वाटेल. तशी ती नाही. ज्या घराचे ते आज कर्ते पुरुष आहेत, त्या घराने पहिली तीनेकशे वर्षं त्यांना भिंतीवर फारशी जागा दिली नव्हती. कारण साधं होतं. त्यांची नोकरी काय, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं.

नोकरी सरकारी. रोमन अंमलात गुलाम, बंडखोर आणि दरोडेखोर यांना लोकांच्या डोळ्यांदेखत, सावकाश, हाल हाल करून मारायचं. रोमन नागरिकाच्या वाटेला ते सहसा जात नसत. माणूस बघून वागण्याची पद्धत त्यांनाही होती. इ.स.पूर्व ७१ मध्ये स्पार्टाकसचं गुलामांचं बंड मोडलं, तेव्हा कापुआपासून रोमपर्यंतच्या आप्पियन रस्त्यावर सुमारे ६,००० जणांना खांबांवर चढवलं गेलं. सभ्य माणसं त्यांचा विषयच काढत नसत. सिसेरोसारखा नामांकित वकील भर खटल्यात सांगतो, की या वस्तूचं नावदेखील रोमन माणसाच्या कानावर पडू नये.

कामाची रीत काटकसरीची. उभा खांब बहुधा जागेवर रोवलेलाच असे; कैद्याने खांद्यावरून आणायची ती आडवी तुळई. १९६८ मध्ये जेरुसलेमच्या उत्तरेला एका थडग्यात अस्थींची पेटी सापडली. तीत टाचेचं हाड होतं आणि हाडातून आरपार गेलेला साडेअकरा सेंटिमीटरचा लोखंडी खिळा. खिळ्याचं टोक वाकलं होतं, म्हणून तो उपसता आला नाही आणि हाडासकट पुरला गेला. हजारो माणसं अशी मेली, पण जमिनीतून हाती लागलेला पुरावा बराच काळ एवढाच होता.

आता अशा इसमाला घरात कोण घेणार? संत पौलाने इसवी सनाच्या पन्नासाव्या वर्षानंतर करिंथकरांना पत्र धाडलं, त्यात त्याने आडपडदा ठेवलेला नाही. क्रूसावर मेलेल्या तारणाऱ्याची गोष्ट ज्यूंना अडखळवते आणि ग्रीकांना खुळचट वाटते, हे तो कबूल करतो, आणि कबूल करून तीच गोष्ट पुढे रेटतो. पण तोंडाने सांगणं निराळं आणि चित्र काढून घरात लावणं निराळं. इ.स. २००च्या सुमारास अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट नावाचा पंडित ख्रिस्ती मंडळींना सल्ला देतो, की अंगठीवर मुद्रा हवीच असेल तर कबुतर कोरा, मासा कोरा, शिडं फुगलेलं गलबत कोरा, नाहीतर तंतुवाद्य, नाहीतर जहाजाचा नांगर. एवढी लांब यादी, आणि आमच्या गृहस्थांचा पत्ता नाही.

त्या घराचा तेव्हाचा लाडका होता मासा. गरीब, मुका, कुणाच्या डोळ्यांवर न येणारा. त्याच्या खालोखाल नांगर. रोममधल्या प्रिसिलाच्या भुयारी दफनभूमीत हे दोघेही कोरलेले सापडतात. नांगराच्या माथ्याशी आडवी दांडी असते, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. स्वारी आली होती म्हणायची, पण वेषांतर करून.

दुसरी चोरवाट कपाळावरून जायची. कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुल्यन सांगतो, की आमचे लोक घरातून निघताना, परतताना, चपला घालताना, न्हाताना, जेवायला बसताना, दिवे लावताना, निजताना बोटाने कपाळावर ही खूण करतात. मोठी सोयीची गोष्ट. शिपाई दारात आला तरी पुसावं लागत नाही. पोथ्या लिहिणाऱ्यांनी तर आणखी शक्कल लढवली. क्रूसाचा उल्लेख आला की ते दोन ग्रीक अक्षरं एकावर एक अशी चढवत, की खांबाला टेकलेलं माणसाचं डोकं दिसावं. शाईचा ठिपका म्हणाल तर ठिपका, आणि ज्याला कळायचं त्याला कळलं.

भिंतीवरचं चित्र मात्र भक्ताने नाही, टवाळाने काढलं. रोमच्या पॅलाटिन टेकडीवर बादशाही नोकरपोऱ्यांच्या इमारतीत १८५७ मध्ये गिलाव्यावर खरवडलेलं एक चित्र सापडलं. क्रूसावर एक माणूस, त्याला डोकं गाढवाचं. खाली एक पोरगा त्याच्याकडे बघत हात वर करून उभा. शेजारी ओबडधोबड ग्रीकमध्ये, अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतोय, अशा अर्थाची ओळ. हे चित्र बहुधा इ.स. २००च्या आसपासचं, क्रूसावरच्या ख्रिस्ताच्या आज माहीत असलेल्या सर्वांत जुन्या चित्रांत त्याची गणना होते. शेजारच्या खोलीत कुणीतरी अलेक्सामेनोस निष्ठावान असल्याचं लॅटिनमध्ये लिहून ठेवलंय. त्याने स्वतःच उत्तर दिलं की एखाद्या मित्राने, कोण जाणे. स्वारीची थट्टा करण्याची चाल इतकी जुनी आहे, एवढं मी माझ्या बचावासाठी नोंदवून ठेवतो.

नशीब उघडलं ३१२ मध्ये. रोमबाहेर मिल्वियन पुलाशी सम्राट कॉन्स्टंटाइन लढाईला उभा राहिला आणि आदल्या रात्री स्वप्नात मिळालेल्या आज्ञेप्रमाणे त्याने सैनिकांच्या ढालींवर पवित्र खूण काढून घेतली. ही खूण बहुधा क्रूस नव्हतीच. ख्रिस्ताच्या ग्रीक नावातली पहिली दोन अक्षरं एकमेकांत गुंफलेली ती मुद्रा. आभाळात झळकलेला प्रकाशाचा क्रूस बिशप युसेबियसने पुढे लिहून ठेवला, तोही खुद्द सम्राटाच्या तोंडून ऐकल्याचं सांगून. थोडक्यात, दरबारात स्वारी शिरली ती दुसऱ्याच्या ओळखपत्रावर. आत गेल्यावर कुणी विचारत नाही.

पण माझ्या मते खरी कलाटणी लढाईने दिली नाही. कॉन्स्टंटाइनने क्रूसावर मारायची शिक्षाच बंद केली, असं नंतरचे रोमन इतिहासकार सांगतात. जोवर वेशीबाहेर खरे खांब उभे होते आणि वाऱ्याबरोबर त्यांचा वास येत होता, तोवर कुणी त्याचं चित्र उशाशी घेतलं नाही. काम बंद झालं, ते चालू असताना पाहिलेली पिढी सरली, आणि मग स्वारी एकदम रुबाबदार दिसू लागली. निवृत्त झालेला करडा फौजदार नातवंडांना मोठा गमतीशीर वाटतो, त्यातला प्रकार.

एकदा प्रतिष्ठा मिळाली म्हटल्यावर नटण्याची जी हौस उसळली तिला धरबंध राहिला नाही. इटलीतल्या रावेन्नाजवळच्या क्लासे इथे संत अपोलिनारिसचं चर्च आहे, ५४९ मध्ये अर्पण झालेलं. वेदीवरच्या घुमटात निळं आभाळ, तारे, आणि मधोमध रत्नं जडवलेला सोनेरी क्रूस. रक्त नाही, खिळा नाही. उभ्या-आडव्याच्या सांध्यावर ख्रिस्ताचा चेहरा आहे, पण तो पदकाएवढा, शोधून काढावा लागतो. त्या काळात आपल्या अंगावर दुसरं कुणी असलेलं त्यांना खपत नसे. याच्याही शंभरेक वर्षं आधी रोमच्या सांता साबिना चर्चच्या लाकडी दारावर कारागिराने तो प्रसंग कोरला होता. मधे ख्रिस्त, दोहो बाजूंना दोन चोर, तिघांचे हात पसरलेले, आणि मागचे क्रूस जवळजवळ गायब. माणसं दाखवली तर हा लपतो, आणि हा दिसला तर माणूस लपतो. दोघांना एका चौकटीत समोरासमोर उभं करायला त्या घराला फार धीर गोळा करावा लागला.

मूळ लाकडाची गोष्ट वेगळी आहे आणि ती सांगितल्याशिवाय या गृहस्थांचं लोकांना असलेलं वेड कळायचं नाही. कॉन्स्टंटाइनची आई हेलेना ३२६च्या पुढे जेरुसलेमला गेली. तिने तिथे खरा क्रूस शोधून काढला, ही कथा लिखित स्वरूपात येते ती त्या शतकाच्या अखेरीस. पण ३५०च्या सुमारास जेरुसलेमचा बिशप सिरिल सांगून गेलाय, की त्या लाकडाचे कपचे जगभर पोचले. ३८०च्या दशकात एजेरिया नावाची एक धीट बाई पश्चिमेकडून यात्रेला आली आणि तिने डोळ्यांनी पाहिलेलं लिहिलं. शुभ शुक्रवारी बिशप खुर्चीवर बसतो, समोर मेजावर लाकूड ठेवतो आणि दोन्ही हातांनी त्याची टोकं घट्ट धरतो. भोवती डीकन डोळ्यांत तेल घालून उभे. एकेक माणूस येतो, वाकतो, कपाळ टेकतो, मुका घेतो. हात लावायचा नाही. एवढा बंदोबस्त कशाला? तर म्हणे पूर्वी एकाने मुका घ्यायच्या निमित्ताने लाकडाचा लचका दातांनी तोडून नेला होता.

मला हा अनाम चोर फार जवळचा वाटतो. तोंडात लाकडाची चिळपी धरून, चेहरा भाविक ठेवून, गर्दीतून वाट काढणारा. त्याच्या वंशजांनी पुढे हजार वर्षं धंदा केला. १५४३ मध्ये प्रोटेस्टंट सुधारक जाँ काल्व्हँने वैतागून लिहिलं, की जगातले सगळे तुकडे गोळा केले तर एक जहाज भरेल. या टोमण्याने स्वारीची फार बदनामी झाली. शेवटी १८७० मध्ये रोओ द फ्लरी नावाच्या फ्रेंच वास्तुतज्ज्ञाने ज्ञात तुकड्यांची मापं मांडून बेरीज केली. जहाज राहू द्या, एका क्रूसाचा लहानसा अंशही जेमतेम भरत होता. तुकडे खरे की खोटे ते त्याने सिद्ध केलं नाही, पण जहाजाची बात तेवढी खोटी ठरली.

६१४ मध्ये इराणी फौजांनी जेरुसलेम घेतलं आणि ते लाकूड उचलून नेलं. बायझंटाइन बादशहा हेराक्लियसने ते ६३० मध्ये परत आणलं. पुढे त्यावर एक दंतकथा रचली गेली, की बादशहा जरीच्या पोशाखात घोड्यावरून वेशीशी आला तर वेशीचे दगड आपोआप खाली येऊन वाट बंद झाली. तो उतरला, जोडे काढले, साधा झाला, तेव्हा वाट मोकळी. स्वतः रावेन्नात माणकं मिरवायची आणि दुसऱ्याला म्हणायचं जोडे काढ. सासुरवाडीला आलेल्या जावयाचे नखरे बरे.

चौकटीत दोघांना समोरासमोर आणायला धीर लागला म्हणालो, तो हळूहळू आला. आरंभीची कित्येक शतकं क्रूसावरचा ख्रिस्त डोळे उघडे ठेवून, ताठ, जणू आपणहून हात पसरून उभा असतो. कोलोनच्या कॅथेड्रलमध्ये दहाव्या शतकातला गेरो क्रूस आहे, ओकच्या लाकडाचा. त्यावरचा ख्रिस्त जवळजवळ माणसाच्या उंचीचा आहे आणि तो मेलेला आहे. डोळे मिटलेले, मान कलंडलेली, पोट फुगून खाली ओघळलेलं. मरण इतकं स्पष्ट दाखवणाऱ्या पश्चिमेतल्या मोठ्या मूर्तींपैकी ही फार आधीची. तिथून पुढे स्वारीला आपला पसारा आवरून, माणसाला पुढे करून, मागे उभं राहायला शिकावं लागलं.

हा धडा त्यांनी सर्वांत नीट गिरवला तो आल्सासमध्ये. इसेनहाइम गावात अंतोनी पंथाच्या साधूंचा मठ आणि दवाखाना होता. तिथे येणारे रोगी मुख्यतः एका भयंकर दुखण्याचे, बुरशी लागलेल्या राय धान्याची भाकर खाऊन होणाऱ्या. अंगाची आग व्हायची, कातडी काळी पडायची, हातपाय सडून गळायचे. या दवाखान्यासाठी ग्र्युनेवाल्ड नावाच्या चित्रकाराने १५१२ ते १५१६ या काळात वेदीमागचं चित्र रंगवलं. त्यातला क्रूस म्हणजे धड न रंधलेले दोन ओंडके. वरची तुळई वजनाने धनुष्यासारखी वाकलेली. ख्रिस्ताची कातडी हिरवट, अंगभर काटे रुतलेले आणि व्रण, बोटं वेदनेने वेडीवाकडी. खाटेवरच्या रोग्याला समोर दिसे ते जवळपास त्याचंच अंग. कोलमारच्या संग्रहालयात हे चित्र आजही आहे. या गृहस्थांना दागदागिन्यांशिवाय, सोन्याच्या मुलाम्याशिवाय, नोकरीवरच्या मूळ कपड्यांत भेटायचं असेल, तर तिथे जावं. माझ्या मते तिथे ते सर्वांत खरे दिसतात.

आता स्वभावातला वाईट भाग. तो टाळून ओळख करून दिली तर तुम्हीच मला दोष द्याल. नोव्हेंबर १०९५ मध्ये क्लेर्मोंला पोप दुसऱ्या उर्बनने जेरुसलेम जिंकायची हाक दिली आणि लोकांनी कापडाचे क्रूस कापून खांद्यांवर शिवले. पुढच्याच वर्षी ही शिवलेली माणसं ऱ्हाइनकाठच्या वर्म्स आणि माइंत्स शहरांतल्या ज्यू वस्त्यांवर तुटून पडली. १०९९ मध्ये जेरुसलेम पडलं तेव्हा आतल्या मुसलमान आणि ज्यूंची कत्तल झाली. ११८७ मध्ये हत्तीनच्या रणात अक्कोच्या बिशपने खऱ्या क्रूसाचं लाकूड हातात धरून सैन्यापुढे नेलं. बिशप मारला गेला आणि लाकूड सुलतान सलाहुद्दीनच्या हाती पडलं. ते पुन्हा कधी परत आलं नाही. त्या शतकांबद्दल विचारलं तर गृहस्थ गप्प राहतात. शिवणारे हात दुसऱ्यांचे होते, असं त्यांना म्हणता येईल. पण खांद्यावर तेच होते.

गोतावळा विचाराल तर प्रचंड, आणि कुणाचा चेहरा कुणाशी जुळत नाही. इजिप्तमधले चुलते जुन्या देवतांच्या हातातली जीवनचिन्हाची कडी डोक्यावर घेऊन बसले. ३९१च्या सुमारास अलेक्झांड्रियाचं सेरापिसचं देऊळ पाडलं, तेव्हा आतल्या दगडांवर ही खूण निघाली आणि ती मुळात कुणाची यावर दोन्ही बाजूंच्या पंडितांत खडाजंगी झाली, अशी नोंद आहे. आजही तिथली कितीतरी कॉप्टिक ख्रिस्ती माणसं उजव्या मनगटावर इवलासा क्रूस गोंदवून घेतात. ती खूण मात्र पुसता येत नाही. आर्मेनियातले बंधू दगडाचे, अंगभर जाळीदार नक्षी, एकासारखा दुसरा नाही. इथिओपियातले पितळी, धर्मगुरूच्या हातात सतत असणारे. रशियातल्यांना तीन आडव्या पट्ट्या, त्यात खालची तिरकी. आणि चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटवरचे? १५४७ मध्ये पोर्तुगीज तिथे चॅपल उभारायला गेले तेव्हा कोरीव शिळा निघाली. क्रूसाच्या पायाशी कमळाची पानं, वरून उतरणारा पक्षी, कडेने पहलवी अक्षरं, अंगावर कुणी नाही. पोर्तुगीज मोठ्या डौलाने आपला पाहुणा घेऊन आले होते, आणि पाहुण्याचे नातलग कित्येक शतकांपूर्वीच इथे येऊन घरचे झाले होते.

भांडणं लावण्यात त्यांचा हात धरणारा नाही, तीही अशा क्षुल्लक गोष्टींवरून की हसावं की रडावं कळत नाही. रशियात खूण दोन बोटांनी करायची की तीन, यावर देश फुटला. १६५३ मध्ये निकोन या धर्मप्रमुखाने तीन बोटांचं फर्मान काढलं. दोन बोटांवाल्यांनी ते धुडकावलं. अव्वाकुम नावाचा पाद्री हट्टाने दोनच बोटं धरून राहिला. त्याला उत्तर ध्रुववृत्ताजवळच्या पुस्तोझेर्स्कला वर्षानुवर्षं जमिनीखालच्या कोठडीत ठेवलं आणि १६८२ मध्ये जिवंत जाळलं. उजवीकडून डावीकडे की डावीकडून उजवीकडे, हा वाद तर अजून जिवंत आहे. चर्चमध्ये शेजाऱ्याचा हात बघा, तो पूर्वेकडचा की पश्चिमेकडचा हे लगेच समजतं.

आणि ज्यांनी त्यांना सरळ घराबाहेर काढलं तेही ख्रिस्तीच. लंडनमधला चीपसाइडचा जुना क्रूस १६४३ मध्ये प्युरिटन प्रोटेस्टंटांनी वाजतगाजत पाडला. त्याआधी १६३४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमला जॉन एंडिकॉट नावाच्या कडक पुढाऱ्याने इंग्लंडच्या झेंड्यातला क्रूस कापूनच काढला, का तर त्याला पोपचा वास येतो. राजाचा झेंडा फाडला म्हणून इंग्लंडात गहजब होईल, या धास्तीने वसाहतीच्या कारभाऱ्यांनी एंडिकॉटला वर्षभरासाठी अधिकारपदांपासून दूर ठेवलं. बाहेर काढलेले गृहस्थ मग कॅथलिक घरांतच जास्त राहिले. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या प्रोटेस्टंट चर्चनी हळूच त्यांना पुन्हा आत घेतलं, पण अंगावरच्या मूर्तीशिवाय. अजूनही ही खूण लक्षात ठेवा: मूर्ती असेल तर बहुधा कॅथलिक, रिकामा असेल तर बहुधा दुसरे.

जोडधंदे भरपूर केले. १८६४च्या जिनिव्हा करारात स्विस झेंड्याचे रंग उलटे करून त्यांना रुग्णसेवेच्या गणवेशात उभं केलं. धर्माशी संबंध नाही, असं सगळ्यांनी निक्षून सांगितलं. पण १८७६ मध्ये उस्मानी तुर्कांनी कळवलं, की आमच्या शिपायांना हा चालायचा नाही, आम्ही लाल चंद्रकोर लावू. जुनी करणी अशी आठशे वर्षांनी आडवी येते.

लष्करी खात्यातली नोकरी त्याहून मजेशीर. व्हिक्टोरिया क्रॉस हे पदक १९११ मध्ये हिंदी सैनिकांनाही खुलं झालं. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या मोहिमेत मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दोन मराठी जवानांना ते मिळालं: माणगावकडचे यशवंत घाडगे, ज्यांना १९४४ मध्ये वीरमरण आलं, आणि नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव, ज्यांनी १९४५ मध्ये सेनिओ नदीकाठी पराक्रम केला. रोमच्या रस्त्यांवर ज्याने एकेकाळी बंडखोर गुलामांचे जीव घेतले, तो त्याच देशातल्या लढाईसाठी कोकणातल्या आणि नगरच्या घरांत मानाने आला, आणि कुणी त्याचा धर्म विचारला नाही.

आमच्या किनाऱ्यावरचं त्यांचं आगमन मात्र इतकं निर्मळ नाही. गोव्यात ते सत्तेच्या बोटाला धरून आले. १५४०नंतर तिसवाडीतली देवळं पडली, १५६०मध्ये इन्क्विझिशनचं धर्मन्यायालय बसलं, आणि टेकड्यांच्या माथ्यांवर हे उभे राहिले. त्याच मुलखात १६१६ मध्ये फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत छापलं गेलं, आणि क्रूसावरच्या मरणाची कथा पोथीसारखी वाचली जाऊ लागली. जबरदस्तीने आलेला पाहुणा पोथीत शिरला की त्याला हुसकणं अवघड होतं. जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलमध्ये एक चमत्काराचा क्रूस आहे. १६१९ मध्ये टेकडीवर त्यावर ख्रिस्ताचं दर्शन झाल्याची कथा आहे आणि तो वाढत असल्याची लोकांची श्रद्धा. या वयात वाढणं म्हणजे कमाल आहे, पण आत्मप्रौढी त्यांची जुनीच.

मुंबईतले भाऊबंद मात्र मला जास्त आवडतात. ठेंगणे, दरवर्षी रंग चढवून चढवून गुळगुळीत झालेले, गावठाणाच्या तोंडाशी वाटेतच ठाण मांडून बसलेले. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग उगवला आणि गल्ल्या ओस पडू लागल्या, तेव्हा ईस्ट इंडियन ख्रिस्त्यांच्या वस्त्यांनी नवस बोलून वांद्र्यापासून माझगावपर्यंत असे कित्येक क्रूस उभारले. दवाखाना लांब, डॉक्टर घाबरलेला. गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी पहारा द्यायला हवा होता. प्लेग गेला, पहारेकरी राहिले. पुढे रस्ता रुंद झाला, रिक्षा आल्या, शेजारी सहा मजले उठले, तरी हलायचं नाव नाही. गाड्यांनी वळसा घालून जायचं. सकाळी हार चढतो, तो घालणारा दरवेळी ख्रिस्तीच असतो असं नाही.

अलीकडे त्यांना म्हातारपणी कागदपत्रांचा त्रास सुरू झालाय. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जागांवरच्या बेकायदा धर्मस्थळांबाबत आदेश दिले, तेव्हापासून पालिकेची माणसं येतात आणि वय विचारतात. ज्यांच्या चौथऱ्यावर साल कोरलेलं आहे ते निर्धास्त असतात. रंगाच्या थराखाली ज्यांचं साल बुजलं, त्यांच्यासाठी गल्लीतल्या म्हाताऱ्या पत्र्याची पट्टी घेऊन रंग खरवडत बसतात. स्वतः गृहस्थ निर्विकार. रोमन सरकारात काम केलेल्या माणसाला पालिकेची नोटीस ती काय!

मे महिन्यात त्यांची भेट घ्यायला या. तेव्हा स्वारी खुशीत असते. झेंडूच्या माळा, मेणबत्त्या, दिव्यांची तोरणं, समोर भाड्याच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि सूर्य कलला की जपमाळ. गोव्यात याच सुमारास लादाईन, म्हणजे गाऊन म्हणायची प्रार्थना, होते, व्हायोलिनसकट, आणि नंतर उकडलेले चणे नि पेलाभर फेणी. मुंबईत फेणीचं सांगता येत नाही, चणे मात्र असतात. प्रार्थना संपायच्या आधी जरा पुढे सरकून बसा. गल्लीतली पोरं पहिल्या रांगेत दबा धरून असतात आणि मागच्यांच्या वाट्याला नुसता कागद येतो.